चार बोटं उघडी खिडकी

धारवाडच्या थंडीला हसणाऱ्या माणसांशी माझं जमत नाही. "इथं कसली आलीय थंडी," असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबरात माळमड्डीतल्या आमच्या भाड्याच्या घरात सकाळी सहाला फरशीवर अनवाणी पाय टेकवून दाखवावा. कौलांच्या फटींतून वारं थेट अंथरुणात यायचं. दोन चादरी आणि वर एक घोंगडं घेऊनही मी गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. आणि मी आठवीत असताना, म्हणजे नव्वदनंतरच्या एका हिवाळ्यात, याच घरात तीन गिनीपिग जगवून दाखवीन असं मी बोलून बसले होते.

झालं असं, की आमच्या विज्ञानाच्या बाईंचे यजमान एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथली जनावरांची खोली बंद होणार होती आणि उरलेली जनावरं दुसऱ्या एका कॉलेजात जाणार होती, जिथं त्यांच्यावर औषधांचे प्रयोग होत. बाईंनी वर्गात सहज विचारलं, तीन गिनीपिग कुणाला पाळायचे आहेत का. घरी न विचारता माझा हात वर गेला. दिवाळीनंतरच्या शनिवारी मी वेताच्या परडीतून ती तिघं घरी घेऊन आले. एक पांढरी, एक काळी आणि एक तांबडा. त्यांना नावं कधीच ठेवली नाहीत, कारण आईनं ठेवू दिली नाहीत. "नाव ठेवलं की ते घरचं होतं," ती म्हणाली, "आणि ही काही घरची व्हायची नाहीत."

अप्पा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार होते. घरातलं कुठलंही प्रकरण ते अटींशिवाय सोडवत नसत. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून परडीत पाहिलं.

"विलायती डुकरं म्हणतात ती हीच काय?"

"गिनीपिग, अप्पा."

"तेच की गं ते."

बाईंच्या यजमानांनी परडीबरोबर एक चिठ्ठी दिली होती. रोज हिरवा पाला आणि शक्य तर आवळा द्यावा, नाहीतर हिरड्या सुजतात. ओल आणि थेट वारं यांपासून जपावं. आणि शेवटी, ही जनावरं धारवाडची थंडी काढतील असं वाटत नाही. अप्पांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि अट घातली. संक्रांतीपर्यंत तिघे जगले तर ते राहतील. एक जरी थंडीनं मेला, तर उरलेले त्या दुसऱ्या कॉलेजात पोचते करायचे, आणि रडारड करायची नाही.

"कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. तिथं त्यांचं काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती, पण ती अप्पांना दिसू देईन तर मी कसली!

मग मी कामाला लागले. आमच्या शेजारचे गृहस्थ तारिहाळच्या एका कारखान्यात होते. त्यांच्याकडून यंत्राचे सुटे भाग येतात तसलं एक लाकडी खोकं मागून आणलं. ते मागच्या व्हरांड्यात चार विटांवर ठेवलं, म्हणजे फरशीचा गारवा खाली लागणार नाही. कलघटगीकडून भाताचं वाळलेलं पिंजर घेऊन गाड्या यायच्या, त्यातला एक गाडीवाला मला ओंजळभर, ओंजळभर म्हणत पोतंभर पिंजर देऊन जायचा. कोथिंबिरीच्या काड्या, गाजराचा पाला, हरभऱ्याचे शेंडे सगळं आईच्या नजरेआड त्या खोक्यात जायचं. सकाळी मी मागचं दार उघडलं की तिघंही खोक्याच्या कडेला पुढचे पाय टेकवून जोरात शिट्टी मारल्यासारखी ओरडायची. आई म्हणायची, "ह्यांना माहेरची माणसं भेटल्यासारखं काय होतंय रोज रोज?" आणि नाक मुरडायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिचं सासर हुबळीतलं, कापडदुकानवालं. दुसऱ्या आठवड्यात तिला मुलगा झाला आणि आमच्या घरातली मधली खोली बाळंतिणीची खोली झाली. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना खरं वाटणार नाही. खोलीला एकच खिडकी. ती आईनं लावून घेतली आणि फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. दोन वेळा न्हाणं, आणि प्रत्येक न्हाण्यानंतर ओवा, बाळंतशोपा आणि लसणीच्या सालांची धुरी. खोलीत शिरलं की डोळे चुरचुरायचे. अक्का कान बांधून बाजेवर घामानं थबथबलेली असायची. तिला कसं वाटतंय हे कुणी विचारत नसे. तिनंही कधी सांगितलं नाही.

नाताळच्या सुट्टीत थंडीनं जोर धरला. एका सकाळी आई मागच्या दारी राख टाकायला गेली आणि खोक्यापाशी थबकली. तिनं पांढरीला उचललं. यापूर्वी तिनं कधी त्यांना हात लावला नव्हता. पोटाखालून बोटं फिरवून म्हणाली, "अगं, हिला दिवस गेलेत की!"

तिथं सगळंच बदललं. जनावरं ती जनावरं म्हणणारी माझी आई, पोटुशी म्हटल्यावर पार विरघळली. "पोटुशी बाई वाऱ्यात बसवतेस? लाज नाही वाटत?" असं मलाच झापून तिनं स्वतः खोकं उचललं, आणि मी काही म्हणायच्या आत ते बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीपासून दोन हातांवर नेऊन ठेवलं. मी आडवी आले नाही. उलट मला वाटलं, मी जिंकले. आईनं त्यांना घरात घेतलं, आता संक्रांतीची काय बिशाद! हे मी लपवणार नाही. मी त्या दिवशी खुशीत होते.

दोन दिवस तिघंही ऊब घेत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तांबडा शिंकायला लागला. डोळ्यांच्या कडांना पांढरी पापडी धरली, केस पिंजारले, आणि हरभऱ्याचा शेंडा नाकापुढे धरला तरी तोंड फिरवायचा. "सर्दी झालीय," आई म्हणाली. "ओव्याची धुरी दे, मोकळं होईल." बाळाला सर्दी झाली की आम्ही तेच करत होतो. मी ताटलीत निखारा घेतला, वर ओवा टाकला आणि ती ताटली खोक्याच्या तोंडाशी धरली. माझ्या हातानं. सकाळ-संध्याकाळ. तो खोक्याच्या कोपऱ्यात नाक खुपसायचा आणि मी म्हणायची, थोडं सोस रे, बरं वाटेल.

पाचव्या दिवशी सकाळी तो ताठ झालेला सापडला.

मी रडले नाही, कारण वेळ नव्हता. काळीही शिंकत होती. अप्पा दौऱ्यावर गेले होते, संध्याकाळी परतणार होते. मी दोघींना परडीत घातलं, वर गोणपाट टाकलं आणि चालत सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं म्हशी, बैल आणि एक शेळी रांगेत होती. माझी परडी बघून माणसं हसली. हसोत. मी रांग सोडली नाही.

डॉक्टरांनी परडी उघडली आणि आत वाकून पाहिलं. मग कानडीत म्हणाले की आपण आयुष्यात पहिल्यांदा ह्या जातीला तपासतो आहोत. पण त्यांनी काळीच्या छातीला नळी लावून ऐकलं, डोळे बघितले, आणि मग एक गोष्ट केली जी मी कधी विसरले नाही. त्यांनी तिला नाकाशी धरून हुंगलं.

"मन्याग बाणंती अदाळेन?" त्यांनी विचारलं. घरात बाळंतीण आहे काय?

मी मान हलवली. मेल्या तांबड्याचं, शेगडीचं, धुरीचं सगळं सांगितलं. ताटली मी धरत होते हेही सांगितलं.

"होगी ब्याडव्वा," ते म्हणाले. "गाळी बेकु." धूर नको बाई, वारं हवं. मग परडीवर बोटांनी टकटक करत त्यांनी समजावलं. ह्यांची छाती एवढीशी. ओली जागा आणि कोंडलेला धूर ह्यांना मारतो. अंगावर केस आहेत, खाली कोरडं गवत आहे, एकमेकांना चिकटून बसायला जोडीदार आहे, तर थंडी त्या काढतील. शेजारच्या शेळीवाल्या बाईनंही मान डोलावली.

संध्याकाळी अप्पा आले आणि त्यांना कळलं. हात-पाय धुऊन, खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "अट काय होती?"

"थंडीनं मेला तर," मी म्हणाले. "तो थंडीनं नाही मेला. धुरानं मेला. डॉक्टरांना विचारा."

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हाताला पीठ होतं. "म्हणजे मी मारलं म्हणतेस?"

"दोघींनी मारलं," मी म्हणाले. "तू सांगितलंस आणि मी ताटली धरली."

असं बोलू नये हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही बोलले, आणि आजही ते शब्द मी परत घेणार नाही. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, तुम्ही दोघी ह्याच धुरीवर वाढलात, मी वाढले, माझी आई वाढली. मी काही उत्तर द्यायच्या आत मधल्या खोलीत बाळ खोकलं. बारीक, कोरडा खोकला. गेले दोन-तीन दिवस ते खोकतच होतं, पण बाळं खोकतात म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. तांबडासुद्धा आधी असाच शिंकला होता.

मी आत गेले. चिंध्या उपसल्या आणि खिडकीचं एक दार उघडलं. गार वारं आत आलं आणि धूर हलला.

आईची चपराक बसली तेव्हा मी खिडकीची कडी धरून होते. कडी सोडली नाही. "बाळंतिणीला वारं घालतेस? वेड लागलंय तुला!" ती ओरडत होती, आणि तिला खरोखरच भीती वाटत होती. ते रागाच्या आतून दिसत होतं. पण तांबडा सापडला तशी दुसरी सकाळ मला नको होती. पुन्हा एकदा कोपरा तपासायचा नव्हता. "मार," मी म्हणाले. "खिडकी लागणार नाही."

तेवढ्यात बाजेवरून अक्का बोलली. पंधरा-सोळा दिवसांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं असेल. "आई, राहू दे ती उघडी. माझं डोकं रोज फुटतंय ह्या धुरानं. जीव घाबरतो आत."

"मग सांगायचं नाहीस?"

"मला कुणी विचारलंय?" अक्का म्हणाली.

 आई खिडकीपाशी आली. मला वाटलं, लावून घेणार. तिनं दार ओढलं, पण पूर्ण नाही. आपला हात आडवा धरून तिनं फट मोजली. "चार बोटं," ती म्हणाली. "एवढीच. जास्त नाही." शेगडी तिनं स्वतः उचलून अंगणात नेली. रात्री बाळाचा खोकला कमी झाला की मलाच तसं वाटलं, ते सांगता येणार नाही. पण आठवड्यात तो थांबला हे खरं.

राहिला अप्पांचा निकाल. दोन्ही बाजू ऐकून ते म्हणाले, "थंडीनं मेला नाही म्हणतेस ना? मग थंडीतच ठेवून दाखव. मागच्या व्हरांड्यात. शेगडी नाही, धुरी नाही. संक्रांतीपर्यंत ह्या दोघी राहिल्या तर तुझं खरं. नाही तर मूळ अट लागू." आणि त्यातली एक पोटुशी होती. मला त्यांचा भयंकर राग आला. तरी मी म्हणाले, "ठेवते."

संक्रांतीला दोन आठवडे उरले होते. ते दोन आठवडे मी हट्टाला पेटले होते. अमरगोळच्या बाजारातून येणारी फाटकी पोती मिळवली, ती दुहेरी शिवून खोक्याच्या वाऱ्याच्या बाजूला पडदा लावला. वरची बाजू मुद्दाम मोकळी ठेवली. ओलं पिंजर थंडी धरतं, म्हणून रोज शाळेआधी जुनं काढून नवं घालायचं, तेही दुपारभर उन्हात वाळवलेलं. आत एक छोटी पेटी उपडी टाकून तिला दार कापलं, की दोघींना शिरून बसता यावं. सलाईनची काचेची बाटली गरम पाण्यानं भरून अप्पांच्या जुन्या मोज्यात घालायची आणि पेटीबाहेर टेकवून ठेवायची, हवी तर त्यांनी चिकटावं, नको तर दूर बसावं. डॉक्टरांनी दिलेलं औषध काळीच्या तोंडात थेंब थेंब. आवळ्याच्या फोडी. दुपारी अंगणात परडीखाली ऊन. येणारी-जाणारी माणसं विचारायची, "काय गं, तुझ्या डुकरिणींचं बाळंतपण कधी?" मी सांगायची, "तारीख कळली की बारशाला बोलावते." हसायचं ते हसू द्यावं, हे मी दवाखान्याच्या रांगेतच शिकले होते.

एक सकाळ अशी आली की व्हरांड्यातल्या बादलीतल्या पाण्यात हात घालवेना. मी पोत्याचा पडदा वर करायला घाबरले. मग आपल्यालाच दोन शिव्या घातल्या आणि वर केला. दोघी पेटीत एकमेकींच्या अंगात अंग घालून बसल्या होत्या. मला बघून काळी जोरात ओरडली. शिंक नव्हती.

भोगीच्या दिवशी सकाळी पेटीतून तीन जास्तीचे आवाज आले. तीन पिल्लं. अंगभर केस, उघडे डोळे, जन्मल्या जन्मल्या चालणारी. त्यातलं एक तांबडं होतं. दुपारपर्यंत त्यानं कोथिंबिरीचं पान चावून पाहिलं. मी तेव्हा रडले, पिंजराच्या पोत्यावर बसून, कुणी बघत नाही हे पाहून.

संक्रांतीला अप्पांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "दावा मंजूर." आईनं खोक्यात हरभऱ्याची जुडी टाकली. नजरेआड नाही, समोरून. पण मेलेल्या तांबड्याचं नाव तिनं काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. त्या पिल्लांची पिल्लं झाली, वाटली गेली, कॉलेज संपलं, माझं लग्न झालं. अक्काचा मुलगा हायस्कुलात गेला. आई आणि मी त्या आठवड्यावर कधी बोललो नाही. मला वाटे, ती ते विसरली, किंवा तिनं मला माफ केलेलं नाही.

दोन हजारच्या पुढची गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला धारवाडला आले, तेही नेमकं डिसेंबरात. दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी येताना रिक्षात मी भांडण पाठ करत होते. शेगडी नको, धुरी नको, खिडकी लावायची नाही. डॉक्टरीणबाईंकडून तसं लिहूनसुद्धा आणलं होतं. मधल्या खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. बाजेखाली शेगडी नव्हती. बाळाच्या पाळण्यापाशी गरम पाण्याची बाटली होती, मोज्यात घातलेली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुहेरी शिवलेलं गोणपाट लावलं होतं, वरचा भाग मोकळा. आणि तिचं दार चार बोटं उघडं होतं. भांडायची एवढी तयारी करून आले होते आणि भांडायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या. मोठ्या मायेची बाई. खोलीत आल्या आल्या त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. "अगबाई, हे काय! ओल्या बाळंतिणीच्या खोलीत वारं?" म्हणत त्या सरळ खिडकी लावायला निघाल्या.

आई मध्ये उभी राहिली. हातात बाळाची दुपटी होती, ती तिनं छातीशी धरली.

"हात लावायचा नाही त्या खिडकीला."

"अहो, पोरीला बाधेल की!"

"बाधत नाही. ठाऊक आहे मला." तिचा आवाज चढला होता. एवढ्या वर्षांत आल्यागेल्याशी असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मी एक जीव ह्याच खोलीत कोंडून मारलाय, काकू. माझ्या मायेनं मारलाय. आता ही खिडकी कुणाच्या बापाला लावता यायची नाही."

काकूंना काहीच कळलं नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. आई माझ्याकडे बघत नव्हती, पाठमोरी खिडकीपाशी उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"दोघींनी, आई," मी बाजेवरून म्हणाले. "ताटली मी धरली होती."